नंबर माहा नाही

यादीतलं नाव आमच्या प्रणालीचं नव्हतं. मला ते शनिवारी सकाळी साडेसातला कळलं. तिला सोमवारीच माहीत होतं. मधले चार दिवस ती पोरगी माझ्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसली, मी सांगितलं तसे डोळे मिटले, श्वास घेतला, श्वास सोडला, आणि मी तिच्याकडे बोट दाखवून बाकीच्यांना म्हणालो, बघा, मन शांत ठेवलं की असं यश मिळतं.

मी सहदेव खंडारे. मूर्तिजापूर तालुक्यातल्या लोणखेडच्या जिल्हा परिषद शाळेत सहावी ते आठवीला गणित आणि विज्ञान शिकवतो. एकवीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत पोरांची तोंडं पाहून मला सगळं समजतं, असा माझा समज होता. गावानंही तो वाढवला, मीही वाढू दिला.

त्यात जानेवारीत अमरावतीला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. विद्यार्थ्यांवरचा ताण कसा ओळखावा, कसा कमी करावा, असा विषय. प्रत्येक शाळेतून एक शिक्षक पाहिजे होता. आमच्यात एकाचे गुडघे दुखत होते, एकीच्या घरी लग्न होतं, म्हणून मी गेलो. खोटं कशाला बोला, शिकवणाऱ्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी सांगितलं, मुलाला लगेच उत्तर देऊ नका, आधी त्याचं नीट ऐका. ते मी वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या. आल्यावर दर बुधवारी शेवटचा तास ‘मोकळा तास’ म्हणून सुरू केला. पाच मिनिटं श्वास, मग ज्याच्या मनावर जे ओझं असेल ते त्यानं बिननावाच्या चिठ्ठीवर लिहायचं आणि बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात टाकायचं. मग मी चिठ्ठ्या वाचायच्या आणि प्रत्येकीवर दोन शब्द बोलायचे. दोन शब्दांचे माझे दोनशे व्हायचे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण आमच्या आजोबांच्या तोंडी फार होती.

आता परीक्षेचं सांगतो. आठवीतल्या मुलांना नवोदय विद्यालयात नववीला जाता येतं, पण जागा साऱ्या जिल्ह्यात मोजून थोड्या. आमच्या शाळेतून आजवर कुणी गेलं नव्हतं. प्रणाली किशोर इंगळे हुशार होती, आणि त्याहून जास्त म्हणजे चिवट होती. दीड वर्ष मी तिला शाळेच्या आधी सकाळी सहाला माझ्या ओट्यावर बसवून शिकवलं. तिचा बाप किशोर विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करतो. तोंडातून शब्द काढायचा म्हणजे त्याच्या जिवावर येतं. आई पौर्णिमा घरची तीन एकर पाहते.

मार्चच्या शेवटच्या सोमवारी, मधल्या सुट्टीत, शिक्षकांच्या ग्रुपवर यादी आली. इंग्रजीत, बारीक अक्षरात. मी खाली खाली सरकवत गेलो आणि एका ओळीवर थांबलो. इंगळे प्रणाली किशोर. नंबराचा रकाना कडेला होता, तो बघायला बोटानं पान बाजूला सरकवावं लागलं असतं. तेवढं मी केलं नाही. मी सरळ माईक हातात घेतला.

सगळी शाळा मैदानात गोळा झाली. प्रणालीला पुढं बोलावलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता, मी म्हटलं आनंदानं पडला असेल. ती हळूच म्हणाली, सर, नंबर पाहू द्या ना. मी तिच्या पाठीवर थाप मारून म्हणालो, आता नंबर-बिंबर राहू दे, पळ, आईला सांगून ये. ती तरी अडून राहिली. मोबाइल पुढं धरला तेव्हा तिनं स्वतःच बोटानं पान सरकवलं, पाहिलं, आणि मोबाइल माझ्या हातात परत दिला. तोवर बाकीच्या मास्तरांनी मला पेढ्यांसाठी घेरलं होतं.

बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, असं आपल्याकडे म्हणतात. मंगळवारी सकाळी फाट्यावर फ्लेक्स लागलासुद्धा. सरपंच खुशालराव या कामात फार जलद. मधे प्रणाली, तिच्यापेक्षा मोठे खुशालराव, आणि खालच्या कोपऱ्यात मी, ‘मार्गदर्शक शिक्षक’. माझा तो फोटो बारा वर्षांपूर्वीचा, केस होते तेव्हाचा. मी तो फ्लेक्स मोबाइलवर ठेवला, लोकांनी पुढं पाठवला, संध्याकाळपर्यंत तो तालुकाभर झाला. शनिवारी सकाळी दहाला सत्कार ठरला. नवोदयला मूळ कागदपत्रं द्यायची शेवटची मुदत शनिवारीच दुपारी दोनची होती. खुशालराव म्हणाले, घाई कायले, सत्कार झाला की आपली गाडी हाय, दीड तासात अकोला. हारासकटच जाऊ.

बुधवारी मोकळा तास झाला. चिठ्ठ्या काढल्या. मले इंग्रजीचं भेव लागते. माही सायकल चोरीले गेली, घरी सांगतलं नाही. मले झोप येत नाही. आणि एक चिठ्ठी, चौकटीच्या वहीचा कागद, वर इतकंच: ‘नाव माहं आहे पण नंबर माहा नाही. मी काय करू.’

आमच्याकडे नंबर म्हटलं की पहिला नंबर, दुसरा नंबर. पोरगा घरी आला की आजी विचारते, कितवा नंबर आला. दुसरा अर्थ माझ्या डोक्यात शिवलासुद्धा नाही. मला वाटलं, प्रणालीचं कौतुक होतंय आणि मागच्या बाकावरचं एखादं लेकरू कुढतंय. मग मी जो सुटलो तो दहा मिनिटं बोललो. प्रत्येकाचा आपापला नंबर असतो, निसर्गात शेवटचा नंबर नसतोच, आज नाव झालं नाही म्हणून काय झालं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला स्वतःलाही माझं बोलणं पटलं होतं. प्रणाली खिडकीबाहेर पाहत होती.

शुक्रवारी सकाळी ती ओट्यावर आली तेव्हा तिनं एक प्रश्न विचारला. वेटिंग लिस्ट म्हणजे काय असते, सर? मी गणित समजावून सांगावं तसं सांगितलं: ज्याची जागा आहे तो वेळेत कागदं घेऊन आला नाही, तर ती जागा खालच्याला जाते, मग परत मिळत नाही. ती म्हणाली, “मंग ज्याची जागा हाय त्याले माहीतच नसन तं?” मी हसलो. ज्याची जागा त्यालाच माहीत नाही, असं कधी होतं का, म्हणालो. तिनं वही मिटली.

त्या वेळी मी तिच्या तोंडाकडे एकदा जरी नीट पाहिलं असतं, तर पुढचं काही झालं नसतं. मी चहा पीत होतो.

शनिवारची सकाळची शाळा. सव्वासातला मी ऑफिसात सत्काराच्या भाषणाचे मुद्दे काढत होतो तेव्हा पौर्णिमावहिनी मागच्या दारानं आल्या. नवीन लुगडं नेसलेल्या, पदर कमरेला खोचलेला. आवाज अगदी खाली आणून त्यांनी विचारलं, “सर, पोट्टी तुमच्याकडे हाय ना?”

माझ्याकडे कशाला असेल? आज मी सकाळचा तास ठेवलाच नव्हता. वहिनी म्हणाल्या, पाच वाजताच उठली, सरांनी लवकर बोलावलं म्हणून साडेपाचला गेली. त्या माझ्या ओट्यावर जाऊन आल्या होत्या. कुलूप होतं. मैत्रिणींकडे विचारून आल्या होत्या, कुणाला शंका येऊ नये म्हणून भांडं मागायच्या निमित्तानं. आणि मग त्या म्हणाल्या, चार दिवस झाले, ती जेवल्यासारखं करते आणि ताटातलं गुपचूप गाईला टाकते. त्यांना वाटलं होतं, घर सोडून जायचं म्हणून जिवाला लागलं असेल.

का कोण जाणे, मी आधी बिस्किटाचा डबा उघडला. चौकटीचा कागद वरच होता. ‘माहं, आहे, माहा, नाही.’ चार वेळा ह. शेपटी तोडलेला, अर्ध्यातच सोडलेला ह. दीड वर्ष मी त्या ह-बद्दल त्या पोरीला बोलत होतो. बुधवारी तो कागद माझ्या हातात होता आणि मी अक्षराकडे पाहिलंसुद्धा नाही. मला भाषण करायची घाई होती.

मग फाइल काढली. तिच्या प्रवेशपत्राची झेरॉक्स लावलेली होती. शेवटचे दोन आकडे अठरा. मोबाइलवर यादी उघडली, पान बाजूला सरकवलं. सतरा.

सतरा कोण, तेही लगेच आठवलं. आमच्या भागात इंगळे पाटलांतही आहेत आणि बौद्धांतही, गावोगाव आहेत. परीक्षेच्या दिवशी मूर्तिजापूरच्या केंद्रावर पुढच्या-मागच्या बाकावर दोन पोरी बसल्या होत्या, दोघी प्रणाली किशोर इंगळे. पर्यवेक्षकानं एकीची सही दुसरीच्या पुढं घेतली होती, नंतर खोडली. मीच ते हसत हसत मास्तरांना सांगितलं होतं. दुपारी दोघींनी एका डब्यात जेवण केलं. ती दुसरी बोरखुट्याची होती.

मी वहिनींना खुर्चीवर बसवलं आणि सांगून टाकलं, की यादीतलं नाव आपल्या प्रणालीचं नाही, मी चुकलो, आणि तिला हे सोमवारपासून माहीत आहे. वाटलं होतं बाई आता ओरडेल. त्यांनी फक्त डोळे घट्ट मिटले.

“प्रणालीच्या बाबाले सांगू नका,” त्या म्हणाल्या. “फुलं आणाले गेले ते. आधी पोट्टी पाहू.”

आम्ही दोघं बाहेर पडलो. कुठं पाहायचं, हे दोघांनाही माहीत होतं आणि दोघांपैकी कुणी त्या जागेचं नाव घेत नव्हतं. शाळेमागच्या विहिरीला लोखंडी जाळी होती. जाळीचं कुलूप जागेवर होतं. तरी मी जाळीला तोंड लावून आत पाहिलं. मारुतीमागच्या विहिरीला जाळी नाही. पाणी हिरवं आणि स्थिर होतं, वर चिमण्यांची पिसं. वहिनी कठड्यापासून चार हात दूर उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, तुम्हीच पाहा. मी पाहिलं. मी माणूस म्हणून फार धीराचा नाही, आणि त्या सकाळी जेवढा भ्यालो तेवढा जन्मात कधी भ्यालो नाही.

फाट्यावर ओमप्रकाशची ऑटो उभी होती. त्याला मी सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला, प्रणाली ना, तिले तं सकाळी सहाले मूर्तिजापूरच्या स्टँडवर सोडलं. बोरखुट्याची गाडी कोठी लागते, विचारत होती. काय मावशी हाय का तिची तिथं?

वहिनींनी विजेच्या खांबाला धरलं. मी त्यांना म्हटलं, चला, बसा गाडीवर. मोटारसायकल वळवतो तोच मांडवातून खुशालरावांनी हाक मारली. माईकची तपासणी चालली होती, हॅलो हॅलो. मास्तर, सत्कारमूर्ती कुठं आहे, कलेक्टरच्या ऑफिसातून पण एक जण येतोय. मी म्हणालो, कागदांची झेरॉक्स राहिली, तासाभरात येतो. त्यांनी वहिनींच्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मी गाडी दामटली.

बोरखुटा मूर्तिजापूरवरून चौदा किलोमीटर. साडेआठलाच ऊन भाजायला लागलं होतं. ओमप्रकाशनं तिला स्टँडवर सोडलं हे खरं, पण ती गाडीत बसली की नाही हे कुणाला माहीत? स्टँडला लागूनच रेल्वेची लाइन. त्या विचारावर मी गाडीचा वेग वाढवायचो आणि मग मागे बसलेल्या बाईची आठवण होऊन कमी करायचो. वहिनी साऱ्या रस्त्यात एकदाच बोलल्या. “मी पेढे वाटत होते तेव्हा तिनं माझा हात धरला होता,” म्हणाल्या. “मी म्हटलं, सोड, लोक उभे आहेत.”

बोरखुट्याच्या शाळेसमोर एसटीचा थांबा आहे. पत्र्याचं शेड, सिमेंटचा बाक. त्या बाकावर ती बसली होती. शाळेचा गणवेश, दोन वेण्या, मांडीवर प्रवेशपत्र, त्याच्या घड्या घालघालून कागद फाटायला आलेला. सातच्या गाडीनं आली होती. म्हणजे दोन तास ती शाळेच्या फाटकाकडे पाहत तिथं बसून होती आणि वीस पावलांचा रस्ता तिच्यानं ओलांडवला नव्हता.

पौर्णिमावहिनी गाडी थांबायच्या आतच उतरल्या. जाऊन एक थोबाडीत ठेवून दिली आणि मग तिला पोटाशी असं आवळलं, की पोरीचा श्वास कोंडला असेल. दोघी रडत होत्या. मीही रडलो, गाडीचा स्टँड लावायचं निमित्त करून.

जरा वेळानं मी तिच्यासमोर खाली टेकलो. बाकावर बसायची माझी हिंमत झाली नाही. मला शिकवलेलं काही आठवेना. श्वास घे, सोड, हे तर मुळीच नाही.

“मला का नाही सांगितलं, बेटा?”

“सांगतलं होतं, सर. चिठ्ठीत.”

“हो. मी वाचली.”

“तुमी म्हणे, सगळ्याईचा आपापला नंबर असते.” तिचा आवाज कोरडा होता, चिडलेलासुद्धा नाही. “मले वाटलं, तुमाले समजलं हाय, आन् तुमी मले चूप राहाले सांगून राहिले.”

हे मी कुणाला सांगत नाही. लिहून ठेवतो आहे. एकवीस वर्षांची नोकरी तिथं त्या धुळीत बसल्या बसल्या माझ्या डोळ्यांपुढून गेली. किती पोरांनी किती काय सांगितलं असेल, आणि मी त्यावर किती सुंदर बोललो असेन.

मी तिला म्हटलं, चूक माझी आहे, तू घरी जा, आत जाऊन मी सांगतो. ती उभी राहिली. वेण्या मागे टाकल्या आणि म्हणाली, मीच सांगीन, ती मले ओळखते. दोन तास जे जमलं नाही ते आई शेजारी आल्यावर जमलं, एवढंच त्यात गुपित होतं. आम्ही तिघं रस्ता ओलांडून आत गेलो.

मुख्याध्यापकांनी त्या प्रणालीला वर्गातून बोलावलं. काळीसावळी, उंच, कपाळावर घामोळं. तिची आई भावनाताई शेजारच्या अंगणवाडीत मदतनीस, त्याही हात पुसत आल्या. आमची प्रणाली तिच्यासमोर प्रवेशपत्र धरून उभी राहिली आणि एका दमात बोलली, “तुहं झालं. माहं नाही झालं. तुहा सतरा नंबर होता ना, यादीत सतराच हाय. आज दोन वाजेलोक कागदं द्या लागतात, नाहीतर तुही जागा दुसऱ्याले जाईन.”

त्या पोरीनं प्रवेशपत्र हातात घेऊन नंबर वाचला. मग तिनं विचारलं, “मंग बोर्डावर तुहा फोटो काहून लागला?”

मी सांगितलं, की माझ्यामुळे लागला. मी नंबर पाहिला नाही. मुख्याध्यापक खाली मान घालून उभे होते. तो फ्लेक्स मोबाइलवर पाहून त्यांनीच मंगळवारी या पोरीला सांगितलं होतं, की ते नाव लोणखेडवालीचं आहे, तुझं राहिलं. त्यांनीही नंबर पाहिला नव्हता. भावनाताई मला म्हणाल्या, “आमीबी मानून घेतलं, सर. आमाले मानून घ्याची सवय हाय.” आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. मी हात जोडले. त्यांनी ते पाहिले की नाही कोण जाणे, त्या कागदं काढायला घराकडे निघाल्याही होत्या.

पुढचं थोडक्यात सांगतो. मुख्याध्यापकांच्या गाडीनं मायलेकी दहाच्या आत अकोल्याकडे निघाल्या आणि साडेबाराला कागद जमा झाले. बोरखुट्याची प्रणाली जूनमध्ये नवोदयला गेली. त्याच दिवशी संध्याकाळी मी लोणखेडच्या मांडवात माईकवर उभा राहून सगळं सांगितलं, चिठ्ठीसकट. लोक काय म्हणायचं ते म्हणाले. खुशालराव त्या दिवसापासून मला रामराम घालत नाहीत. पण हे सगळं नंतरचं. त्या वेळी अजून एक माणूस बाकी होता.

किशोरला फोन लावला. उचलला नाही. परत लावला, नाही. सत्काराला पाऊण तास होता, मांडवात लाउडस्पीकर जोरात असेल, ऐकू येत नसेल, असं मी प्रणालीला सांगितलं. ती आईच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. बाबा काय म्हणतील, एवढंच ती दोनदा पुटपुटली. तिसऱ्यांदा फोन उचलला गेला. मी त्याला बोलूच दिलं नाही. भीतीपोटी एका श्वासात सांगितलं: “किशोरभाऊ, यादीतलं नाव आपल्या प्रणालीचं नाही. नंबर दुसरीचा आहे. चूक माझी, पोरीची नाही.”

पलीकडे काहीच नाही. लाउडस्पीकर नाही, माणसं नाहीत. नुसता धापा टाकल्याचा आवाज. मग त्यानं विचारलं, “पोट्टी कोठी हाय?”

“माझ्याजवळ. बोरखुट्याला.”

“जित्ती हाय?”

मी हो म्हणालो. तो काहीतरी बोलला, ते मला समजलं नाही. मग जरा स्पष्ट ऐकू आलं. “मी विहिरीवर हाओ, सर. हे तिसरी विहीर हाय. फोन वर ठेवला होता.”

तो फुलं घेऊन आला तेव्हा घर उघडं होतं. खुशालरावांनी सांगितलं, तुझी बायको मास्तरांच्या गाडीवर बसून गेली, तोंड उतरलं होतं. पोरगी कुठं आहे, हे कुणालाच माहीत नव्हतं. तो कुणाला एक शब्द बोलला नाही. सरळ विहिरीकडे गेला आणि आत उतरला. मग दुसरीत, मग तिसरीत. मोटारीसाठी उतरायची त्याला सवय होती. यादी, सत्कार, नवोदय, फोनवर त्यानं यातलं काहीही विचारलं नाही.

मी फोन प्रणालीच्या कानाला लावला. तिनं “बाबा” म्हटलं. तिकडून तो म्हणाला, तिथंच थांब, हालू नको.

अर्ध्या तासात कुणाच्या तरी गाडीवर मागे बसून तो आला. सत्कारासाठी शिवलेला पांढरा शर्ट अंगाला चिकटलेला, छातीपर्यंत शेवाळ, एका पायात चप्पल नाही. थांब्यावर गाडीची वाट पाहणाऱ्या दोन बाया उठून बाजूला झाल्या. तो प्रणालीशेजारी बाकावर बसला. सिमेंटवर पाण्याचं थारोळं झालं. मी आणि वहिनी शेडच्या कडेला सरकलो, पण खोटं कशाला सांगू, कान मी तिकडेच ठेवले होते.

“मले सांगतलं असतं तं मी मारलं असतं का तुले?”

“नाही, बाबा.”

“मंग?”

ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. मग म्हणाली, “सोमवारपासून तुमी माह्यासंग बोलून राहिले, बाबा. रोज संध्याकाळी. मले वाटलं, खरं सांगतलं तं बंद होईन.”

किशोरनं तोंड दुसरीकडे वळवलं. त्याचे खांदे हलत होते. वहिनी पुढं जायला निघाल्या तर मी त्यांना हातानंच थांबवलं. त्या दिवशीचं माझं तेवढं एक काम बरोबर झालं असेल. मग तो घसा खाकरून बोलायला लागला. मारुतीमागच्या विहिरीला या वर्षी पाणी कसं चांगलं आहे, पण तिच्या चौथ्या पायरीचा दगड कसा सुटलाय, नत्थुजीच्या विहिरीत कासव निघालं, हाताएवढं, ते कुठून आलं असेल. बोलायची सवय नसलेला माणूस, त्याला सुचेल ते सांगत होता. ती खाली पाहूनच ऐकत होती, मग हळूहळू त्याच्याकडे पाहून ऐकायला लागली. मूर्तिजापूरची गाडी आली, कंडक्टरनं घंटी मारली, गाडी गेली. किशोर अजून कासवाचंच सांगत होता.